डंपिंग ट्रॉलीचा लेआउट: एका सपाट स्केचमधून थ्रीडी मॉडेल कसं उभं करायचं

ट्रॅक्टरची डंपिंग ट्रॉली बांधणारे जुने फॅब्रिकेटर कागदावर फारसं काही काढत नाहीत. कोब्याच्या जमिनीवर सूत मारतात, बिजागरीच्या जागी पंचाचा ठिपका देतात, दोरीला खडू बांधून कंस फिरवतात आणि हौदा उचलल्यावर त्याला वर ढकलणाऱ्या हायड्रॉलिक जॅकची पिन कुठे जाईल ते पूर्ण मापात डोळ्यांनी बघतात. चॅनल कापायला घेतात ते त्यानंतर. कॅड, म्हणजे संगणकावर ड्रॉइंग काढणं, शिकणारा नवा मुलगा बरोबर उलटं करतो. पहिल्याच दिवशी चेसिसचं चॅनल थ्रीडीत काढतो, त्यावर हौदा ठेवतो, मग जॅक कुठे बसतो ते शोधायला लागतो. तोपर्यंत वीस भाग झालेले असतात आणि जॅक कुठेच बसत नाही.

जमिनीवरची ती खडूची आकृती कॅडमध्ये आणता येते. तिला लेआउट स्केच म्हणतात, कुणी मास्टर स्केच म्हणतात. नुसत्या रेषा आणि वर्तुळं, जाडी नाही, पत्रा नाही. पण ट्रॉलीचा प्रत्येक थ्रीडी भाग आपली मापं तिथून उचलतो. एक पिन सरकवली की चेसिसचा ब्रॅकेट, हौद्याचा लग (पिन अडकवायचा भोकाचा कान) आणि जॅक तिघेही सरकतात.

ही पद्धत नवी नाही. जहाजं बांधणारे पूर्वी मोठ्या माळ्यावरच्या फळ्यांवर जहाजाच्या आडव्या छेदांच्या रेषा पूर्ण आकारात काढत. त्या माळ्याला इंग्रजीत लॉफ्ट म्हणत, आणि कॅडमधल्या ‘लॉफ्ट’ कमांडचं नाव तिथूनच आलं.

इथे मी फ्रीकॅड हे सॉफ्टवेअर धरून सांगतो, कारण ते फुकट आहे आणि डिप्लोमाच्या मुलाला घरच्या संगणकावर टाकता येतं. आवृत्ती १.० किंवा त्यापुढची घ्या. ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. तिच्यात असेंब्लीची, म्हणजे भाग जोडून हलवून बघण्याची, सोय आतच आहे, आणि आधी काढलेला भाग बदलला की पुढचे संदर्भ तुटण्याचा जुना त्रास बराच कमी झाला आहे. सॉलिडवर्क्स, इन्व्हेंटर, क्रिओ वापरत असाल तर बटणांची नावं बदलतील (क्रिओमध्ये याला स्केलेटन म्हणतात), विचार तोच राहील.

आधी कागद

संगणक उघडण्याआधी एक यादी करा. त्यात फक्त अशीच मापं लिहा जी दोन किंवा जास्त भागांना मिळून पाळायची आहेत. बिजागरीची जागा चेसिसलाही हवी आणि हौद्यालाही, म्हणून ती यादीत. जॅकच्या खालच्या पिनची जागा चेसिसलाही हवी आणि जॅकलाही, म्हणून तीही यादीत. फाळक्याच्या कडीची जाडी फक्त फाळक्याला लागते, ती यादीत नको. लेआउट बिघडतो तो बहुतेक वेळा जास्त काढल्यामुळे. त्यात नटबोल्ट आणि वेल्डचे कोपरे शिरले की महिन्याभराने तो तुम्हालाच वाचता येत नाही.

आपल्या उदाहरणातली यादी अशी. हौद्याची लांबी ३००० मिमी, म्हणजे जवळपास दहा फूट. बिजागरी हौद्याच्या मागच्या टोकापासून २०० मिमी आत, जमिनीपासून १०५० मिमी उंच. हौदा उचलायचा ४५ अंश. कोरड्या वाळूच्या ढिगाचा उतार साधारण ३४ अंशांचा असतो, पण ओला मुरूम आणि शेणखत पत्र्याला धरून बसतं, म्हणून कोन जास्त घेतला. जॅकची खालची पिन बिजागरीपासून १७०० मिमी पुढे आणि ३५० मिमी खाली. वरची पिन बिजागरीच्याच पातळीत, हौद्याच्या तळाला, किती पुढे ते अजून ठरलेलं नाही. ते लेआउट ठरवेल.

ही मापं शिकण्यासाठी घेतली आहेत. खरी ट्रॉली बांधताना चॅनलची ताकद, धुरा, पिनांचा व्यास यांचं गणित वेगळं करावं लागतं. लेआउट जागा सांगतो, ताकद सांगत नाही.

आकड्यांची वही

नवं डॉक्युमेंट उघडा, स्प्रेडशीट वर्कबेंचमध्ये (वर्कबेंच म्हणजे फ्रीकॅडमधला एकेका कामाचा विभाग) जाऊन एक शीट बनवा. डाव्या रकान्यात मापाचं नाव, उजव्या रकान्यात आकडा एककासह. मग आकड्याच्या सेलवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये एलियास द्या. एलियास म्हणजे त्या सेलचं हाक मारायचं नाव. ते इंग्रजी अक्षरांत, मोकळी जागा न सोडता लिहिलेलं बरं. ‘एल१’ असं नाव सॉफ्टवेअर घेत नाही, कारण तो सेलचाच पत्ता होतो. नाव लांब चालेल, पण वाचल्याबरोबर कळलं पाहिजे.

या शीटला ‘मापं’ म्हणू. हिच्यात फक्त आपण ठरवलेले आकडे राहतील. जॅकची मिटलेली लांबी वगैरे मोजून येणारे आकडे इथे आणू नका, त्यांच्यासाठी नंतर दुसरी शीट करायची आहे. कारण फ्रीकॅडमध्ये एखादी शीट स्केचला आकडे देत असेल आणि त्याच स्केचकडून आकडे परतही घेत असेल, तर ते चक्र समजून चूक दाखवतं. सेल वेगळे असले तरी दाखवतं, कारण ते अख्ख्या शीटकडे एकच वस्तू म्हणून बघतं. नव्या माणसाचा इथे हमखास अर्धा दिवस जातो.

बाजूचं दृश्य

स्केचर वर्कबेंचमध्ये जा. कुठलीही बॉडी (एक थ्रीडी भाग ज्यात बनतो तो डबा) सक्रिय नाही ना, हे पाहून एक्स-झेड प्रतलावर नवं स्केच घ्या. लांबी एक्सवर, उंची झेडवर, रुंदी नंतर वायवर. ट्रॅक्टर उजवीकडे, फाळका डावीकडे. मूळबिंदू बिजागरीच्या पिनवर ठेवा. हे महत्त्वाचं आहे, कारण हौदा ज्या बिंदूभोवती फिरतो तोच शून्य असला की पुढची सगळी मापं सरळ वाचता येतात.

आता काढा: १०५० मिमी खाली जमिनीची आडवी रेषा. बिजागरीतून जाणारी हौद्याच्या तळाची आडवी रेषा, मागे २००, पुढे २८०० मिमी. चेसिसच्या लांब चॅनलची खालची रेषा, चॅनलच्या उंचीइतकी हौद्याच्या तळाखाली. चाकाचं वर्तुळ, टायर मोजून. जॅकच्या दोन पिना. पिनच्या जागी नुसता बिंदू ठेवू नका, पिनच्या व्यासाचं वर्तुळ काढा. पुढे दुसऱ्या स्केचमध्ये संदर्भ घेताना वर्तुळ पटकन सापडतं आणि केंद्रही आपोआप मिळतं.

प्रत्येक माप देताना चौकटीत बरोबरचं (=) चिन्ह दाबा, सूत्राची खिडकी उघडते. तिथे ‘मापं’ शीटमधला एलियास लिहा. थेट आकडा टाकायचा मोह होईल, टाकू नका. सगळं बांधलं गेलं की स्केच हिरवं होतं. ते हिरवं होईपर्यंत पुढे जायचं नाही, अर्धवट सैल लेआउटवर बांधलेला प्रत्येक भाग सैलच राहतो.

रचनारेषांबद्दल एक इशारा. फ्रीकॅडमध्ये कन्स्ट्रक्शन म्हणून खूण केलेल्या निळ्या रेषा स्केचच्या बाहेर जात नाहीत. त्या दुसऱ्या भागाला दिसणारच नाहीत. म्हणून जे भागांना द्यायचं आहे ते साध्या रेषेत, आणि जे फक्त तपासायचं आहे ते निळ्यात.

एकाच स्केचमध्ये दोन स्थिती

खडूच्या आकृतीची खरी कमाल इथे आहे. हौदा खाली असतानाची रेषा आहेच. आता बिजागरीतूनच दुसरी रेषा काढा, निळी, पहिलीशी ४५ अंशांचा कोन करणारी. ही उचललेल्या हौद्याची. तिच्यावर जॅकच्या वरच्या पिनची उचललेली जागा घ्या आणि बिजागरीपासूनचं तिचं अंतर खालच्या स्थितीतल्या अंतराइतकंच ठेवा. त्यासाठी ‘इक्वल’ बंधन आहे. हौदा फिरतो, ताणला जात नाही, एवढंच ते सांगतं.

जॅकच्या खालच्या पिनपासून दोन्ही जागांपर्यंत एकेक रेषा काढा. एक जॅक मिटलेला, एक उघडलेला. दोघींना लांबीचं माप द्या, पण ते रेफरन्स करा, म्हणजे आकडा रेषेला हुकूम देणार नाही, नुसता वाचून दाखवेल. तिसरं रेफरन्स माप मूळबिंदूपासून मिटलेल्या जॅकच्या रेषेपर्यंतचं लंबांतर. ही बलभुजा, शाळेतल्या तरफेतली. तिन्ही मापांना नावं द्या.

रेषा काढताना अंदाजे खऱ्या प्रमाणात काढा. उचललेली रेषा चुकून जमिनीकडे काढली तर सॉफ्टवेअर ४५ अंश खालीच धरेल आणि तक्रारही करणार नाही, कारण गणिताला दोन्ही उत्तरं सारखीच बरोबर वाटतात.

आकडे फिरवून बघणं

आता दुसरी शीट बनवा, ‘निकाल’. तिच्यात स्केचमधली ती तीन रेफरन्स मापं आणा. एकच स्टेज असलेला साधा जॅक धरू. असा जॅक पूर्ण मिटला तरी त्याच्या दोन पिनांमधलं अंतर स्ट्रोकपेक्षा, म्हणजे तो उघडताना जितका लांबतो त्यापेक्षा, जास्तच राहतं, कारण पिस्टन, सील, मागचं झाकण आणि दोन्ही टोकांचे डोळे यांना जागा लागते. ती जागा आपण २५० मिमी धरू. तुमचा जॅक ठरला की त्याच्या कॅटलॉगमधला आकडा घाला. अट अशी: मिटलेली लांबी ही स्ट्रोक अधिक २५० पेक्षा कमी नको.

वरची पिन बिजागरीपासून ११०० मिमी ठेवून बघा. मिटलेला ६९५, उघडलेला १४५७. स्ट्रोक झाला ७६२. असा जॅक मिटल्यावर निदान १०१२ मिमी हवा, आणि जागा आहे ६९५. असा जॅक बाजारात कुणीही देऊ शकणार नाही. थ्रीडीपासून सुरुवात केली असती तर हे लग वेल्ड झाल्यावर कळलं असतं. मी ज्या वर्कशॉपमध्ये शिकत होतो तिथे ते तसंच कळलं होतं. चार लग गॅसकटरने उडवून पुन्हा लावावे लागले, आणि मॉडेल मीच काढलेलं होतं.

पिन ८०० वर आणा. मिटलेला ९६६, उघडलेला १४५८, स्ट्रोक ४९२. हवेत ७४२, आहेत ९६६. बसलं. पण बलभुजेकडे बघा, ती उरली २९० मिमी. हौदा आणि माल मिळून ३.६ टन धरले आणि वजनाचा मध्य हौद्याच्या मध्यावर, म्हणजे बिजागरीपासून १३०० मिमीवर धरला, तर हौदा जागचा हलवायलाच जॅकला १६ टनांवर जोर लावावा लागेल. पिन बिजागरीजवळ नेली की जॅक बसतो पण ताकद जाते, लांब नेली की ताकद येते पण जॅक बसत नाही. ही ओढाताण कुठल्याही थ्रीडी मॉडेलमध्ये इतकी स्वच्छ दिसत नाही.

९०० वर: मिटलेला ८७३, उघडलेला १४५१, स्ट्रोक ५७७ च्या आसपास. हवेत ८२७, बसतो. भुजा ३६१, जोर १३ टन. १५० बार दाबावर एवढ्या जोराला पिस्टनचा व्यास साधारण १०४ मिमी लागतो. म्हणजे १०० मिमीचा जॅक थोडक्यात कमी पडतो.

मग वरची पिन ९०० वरच ठेवा आणि खालची पिन ३५० ऐवजी ४५० मिमी खाली घ्या. शीटमध्ये एकच सेल बदलायचा आहे. मिटलेला ९१८, उघडलेला १५२०, स्ट्रोक ६०२. हवेत ८५२, बसतो. भुजा एकदम ४४१ मिमी, जोर उतरून १०.६ टन. आता १५० बारला ९४ मिमीचा पिस्टन पुरेल, म्हणजे १०० मिमीचा जॅक चालतो आणि थोडी शिल्लकही राहते. त्याची किंमत काय? खालची पिन जमिनीपासून ६०० मिमीवर आली. शेताच्या बांधावरून जाताना हा ब्रॅकेट अडकेल का, हे ट्रॉली कुठे चालणार त्यावर ठरवा.

सगळ्यात जास्त जोर सुरुवातीलाच लागतो. ४५ अंशांवर पोचताना भुजा ९०० मिमीपर्यंत वाढते, वजनाचं आडवं अंतर कमी होतं, आणि गरज साधारण ३.७ टनांवर येते. म्हणून बलभुजा खालच्या स्थितीतच मोजली.

याच स्केचवरून आणखी एक गोष्ट फुकट कळते. जॅक नुसता लांब होत नाही, खालच्या पिनभोवती झुकतोही. चेसिसचं चॅनल १२५ मिमी उंचीचं असेल, तर त्याच्या मध्यावर जॅकची मध्यरेषा बिजागरीपासून १०११ ते १३२१ मिमी एवढ्या पट्ट्यात फिरते. दोन्ही बाजूंना जॅकची अर्धी जाडी आणि बोटभर मोकळीक धरा. या पट्ट्यात चेसिसचा आडवा चॅनल येता कामा नये. त्याची रेषा आत्ताच लेआउटमध्ये पट्ट्याबाहेर काढून ठेवा.

तसंच मागचं टोक. बिजागरीमागे २०० मिमी हौदा आहे, तो ४५ अंशांवर १४१ मिमी खाली जातो. चेसिसचं चॅनल बिजागरीच्या मागे लांबलेलं असेल तर हौदा त्यावरच टेकेल.

वरचं दृश्य

हे लवकर होतं. एक्स-वाय प्रतलावर दुसरं स्केच. हौद्याची रुंदी, चेसिसच्या दोन लांब चॅनलमधलं अंतर, चाकांमधलं अंतर, जॅकची मध्यरेषा. लांबीची मापं पुन्हा टाकू नका, त्याच ‘मापं’ शीटमधून घ्या. रुंदीसाठी जो एक्स-झेड प्रतल आहे तो ट्रॉलीच्या बरोबर मध्यातून जाऊ द्या, म्हणजे डावा भाग काढून उजवा आरशातून मिळतो.

लेआउटमधून भाग

आता पार्ट डिझाइनमध्ये जा. पहिला भाग जॅकचा खालचा ब्रॅकेट घ्या, कारण तो लहान आहे आणि पद्धत पूर्ण कळते. नवी बॉडी बनवा, तिला नाव द्या, ती सक्रिय असताना बाजूच्या दृश्याचं लेआउट स्केच निवडून सब-शेप बाइंडर दाबा. बॉडीच्या आत लेआउटची एक सावली येते. एका बॉडीतून दुसऱ्या वस्तूच्या रेषा थेट उचलू न देण्याचा फ्रीकॅडचा नियम आहे, बाइंडर हा त्याचा अधिकृत दरवाजा.

मग त्या बॉडीच्या एक्स-झेड प्रतलावर नवं स्केच, आणि ‘एक्स्टर्नल जॉमेट्री’ने बाइंडरमधलं पिनचं वर्तुळ आणि चेसिसची खालची रेषा घ्या. त्यांना धरून ब्रॅकेटचा आकार बंद काढा. पॅड करताना, म्हणजे सपाट आकाराला जाडी देताना, ‘सिमेट्रिक’ निवडा, म्हणजे जाडी मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारखी वाढते. दोन पत्र्यांचा ब्रॅकेट असेल तर पत्रा बाजूला सरकवून काढा आणि आरसा लावा.

लेआउट स्केचलाच पॅड करायचा प्रयत्न करू नका. त्यात रेषा एकमेकींना छेदतात, काही उघड्या आहेत, सॉफ्टवेअरला त्यातून पृष्ठभाग बनवता येत नाही.

हौद्याचा लग, बिजागरीचे कान, चेसिस, जॅकची नळी, जॅकचा दांडा हे सगळे याच रीतीने. एक शिस्त मात्र कसोशीने पाळा: प्रत्येक भागाने संदर्भ लेआउटकडून घ्यायचा, शेजारच्या भागाकडून नाही. हौद्याचा लग चेसिसच्या ब्रॅकेटवरून काढला, जॅक लगवरून काढला, अशी साखळी झाली की मधला एक भाग पुसला तरी पुढचे सगळे लाल होतात. शेजारच्या भागाकडून काही घ्यावंसं वाटलं, तर ते माप खरं म्हणजे दोघांचं आहे आणि लेआउटमध्ये जायला हवं.

सगळे भाग हौदा खाली असतानाच्या स्थितीतच काढा. ते आपोआप एकमेकांच्या जागी येऊन बसतात, कारण सगळे एकाच मूळबिंदूपासून मोजलेले आहेत. असेंब्ली वर्कबेंच लागतं ते फक्त हलवून बघायला. चेसिस जमिनीला पक्कं करा, बिजागरीला आणि जॅकच्या दोन्ही पिनांना रिव्हॉल्यूट (फिरणारा) जॉइंट द्या, नळी आणि दांड्यामध्ये स्लायडर (सरकणारा). हौदा माउसने ओढून वर न्या. लेआउटमध्ये न दिसलेल्या टकरी इथे सापडतात: जॅकचा फुगीर भाग आडव्या चॅनलला घासतो, हायड्रॉलिकच्या पाइपाला जागा नाही. टक्कर सापडली तर भाग कोरून पळवाट काढू नका, परत लेआउटमध्ये जाऊन जागा बदला.

पुन्हा सपाट

वर्कशॉपला मॉडेल नको असतं, ड्रॉइंग हवं असतं. टेकड्रॉ वर्कबेंचमध्ये दृश्यं काढा आणि प्रक्षेपण (कुठलं दृश्य कागदावर कुठे मांडायचं ते) फर्स्ट अँगल ठेवा, भारतात तीच रीत आहे. परदेशी नमुन्यावरून काम करत असाल तर आधी चिन्ह तपासा, अमेरिकेत थर्ड अँगल चालतो आणि डावा लग उजवीकडे जातो. लग आणि गसेट (कोपऱ्यांना आधार देणारे पत्रे) लेझर किंवा प्लाझ्मावर कापायचे असतील तर डीएक्सएफ, म्हणजे सपाट रेषांची फाइल, एकास एक मापात द्या.

पहिल्या ट्रॉलीला लग आधी फक्त टाके मारून धरा. जॅक न लावता हौदा चेनपुलीने ४५ अंशांवर उचला, खाली लाकडाचे भक्कम ठोकळे लावा, आणि ठोकळे लागेपर्यंत कुणालाही हौद्याखाली जाऊ देऊ नका. मग दोन पिनांच्या केंद्रांमध्ये टेप धरा. १५२० यायला हवेत. हौदा खाली घेऊन पुन्हा मोजा, ९१८ यायला हवेत. दोन्ही जुळले की वेल्ड पूर्ण करा.